दंडावर पट्टा, कमरेला यंत्र : २४ तासांच्या बीपी तपासणीबद्दल वाचकांचे प्रश्न

कापसाची वेचणी आणि हरभऱ्याचे ओलित सुरू असतानाच्या या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे २४ तासांच्या बीपी तपासणीबद्दल आहेत. त्यांतल्या बहुतेकांना एकच शंका आहे : यंत्र लावल्यावर वावरात जायचे की घरी पडून राहायचे? जायचे. घरी पडूनच राहायचे असते, तर दवाखान्यातल्या खुर्चीवर मोजलेला बीपी पुरला असता. तुमचा रोजचा दिवस जसा जातो, तसाच तो यंत्राला दिसला पाहिजे. मात्र ते मोजत असते तेवढे मिनिटभर हात ढिला सोडून थांबायचे. खालची उत्तरे या दोन गोष्टी कशा जमवायच्या, याबद्दल आहेत.

प्रश्न : तालुक्याच्या दवाखान्यात माझा बीपी १५८/९६ भरला. आठ दिवसांनी गावच्या उपकेंद्रात १३२/८२. डॉक्टरांनी २४ तासांचे यंत्र लावायला सांगितले. हे होल्टर म्हणतात तेच का? आणि दोन आकड्यांपैकी खरा कोणता?
(एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : होल्टर वेगळे. त्यात छातीवर चिकटपट्ट्या लावून हृदयाच्या ठोक्यांची, म्हणजे ईसीजीची, नोंद होते. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाच्या नावावरून ते नाव पडले. तुम्हाला सांगितली ती ‘अँब्युलेटरी बीपी’ किंवा ‘एबीपीएम’ तपासणी. बोलण्यात काही जण दोन्हींना होल्टरच म्हणतात. म्हणून वेळ घेताना चिठ्ठीवर ‘बीपी’ लिहिले आहे का ते बघा, नाहीतर भलतीच तपासणी होऊन एक खेप वाया जाते.

यंत्राचे भाग तीनच : दंडाला गुंडाळायचा पट्टा (त्याच्या आत रबरी फुगा असतो), लांब नळी, आणि कमरेला किंवा खांद्याला अडकवायची पाव किलोच्या आसपासची डबी. डबीत पंप, सेल आणि नोंद ठेवणारा भाग असतो. दिवसा दर २० किंवा ३० मिनिटांनी आणि रात्री दर ३० ते ६० मिनिटांनी पट्टा आपोआप फुगतो. हवा हळूहळू सुटताना धमनीच्या ठोक्यांचे जे बारीक हादरे पट्ट्यात उमटतात, त्यांवरून यंत्र बीपी काढते. त्याला आवाज ऐकू येत नाही, फक्त हादरे कळतात. तुमचा हात हलला, तर तेही त्याच्या दृष्टीने हादरेच. बहुतेक मोजमापे फसतात ती यामुळे.

तुमचे दोन्ही आकडे त्या त्या वेळेपुरते खरे आहेत. दवाखान्यात गेल्यावर बीपी चढणारे आणि बाहेर ठीक राहणारे पुष्कळ असतात. अशांना विनाकारण गोळी सुरू होऊ नये, यासाठी ही तपासणी असते. याच्या उलट प्रकारही असतो : दवाखान्यात १३०, आणि दिवसभर कामात, रात्री झोपेत चढलेला. हा जास्त धोक्याचा, कारण तो कोणालाच दिसत नाही.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. या तपासणीचा अहवाल १४०/९० शी ताडून बघायचा नाही. ती मर्यादा दवाखान्यातल्या मोजमापाची. इथे पूर्ण २४ तासांची सरासरी १३०/८० किंवा जास्त, दिवसाची १३५/८५ किंवा जास्त, झोपेतली १२०/७० किंवा जास्त असेल, तर बीपी वाढलेला मानतात. अहवालात कुठे एखादा १७२ दिसला म्हणून घाबरू नका आणि एखादा ११८ दिसला म्हणून गोळी सोडू नका. निर्णय सरासरीवर होतो.

प्रश्न : माह्या बाबाले डॉक्टरनं चोवीस घंट्याची बीपीची मशीन लावाले सांगतली. पण हरभऱ्यात रानडुकरं अन् रोही येतेत, म्हणून बाबा रोज राती जागलीले जातेत. मशीन घालून जागलीले गेलं तं चालते काय, का त्या राती घरीच झोपा लागन?
(एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : जागलीला जाऊ द्या. मात्र यंत्र लावणाऱ्याला हे आधी सांगा, कारण सगळा घोळ इथेच होतो.

माणूस झोपला की बीपी दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के उतरतो. तो १० टक्क्यांहून कमी उतरला किंवा उलट चढला, तर डॉक्टर त्याची दखल घेतात : झोपेत घोरणे व श्वास अडकणे, किडनीचा त्रास, मधुमेह, गोळीचा असर रात्री न पुरणे, अशी कारणे तपासतात. पण यंत्राला झोप कळत नाही, घड्याळ कळते. त्यात ‘रात्र’ म्हणजे १० ते ६ अशी वेळ भरलेली असते. बाबा रात्री २ वाजेपर्यंत मचाणावर जागे, हाकारे देत, बॅटरी मारत. आणि त्या वेळचे आकडे ‘झोपेतले’ म्हणून मोजले गेले, तर अहवाल म्हणेल की यांचा बीपी रात्री उतरतच नाही. त्यावरून नसलेल्या रोगाचा शोध सुरू होईल, किंवा गोळी वाढेल.

म्हणून यंत्र लावतानाच सांगा : “हे अमुक वाजेपर्यंत जागे असतात, अमुक वाजता झोपतात, सकाळी इतक्या वाजता पुन्हा डोळा लागतो.” त्याप्रमाणे वेळा बदलून देता येतात. लावताना राहून गेले, तरी वहीत झोपेच्या खऱ्या वेळा लिहिलेल्या असल्या की बहुतेक यंत्रांच्या अहवालात दिवस-रात्रीची वाटणी नंतरही दुरुस्त करता येते. वही नसेल, तर मात्र काही करता येत नाही. ओलितासाठी रात्रीच्या लाइनीवर मोटर लावायला जाणाऱ्यांनाही हे सगळे असेच लागू आहे.

वहीत काय लिहायचे? झोपल्याची आणि उठल्याची वेळ, मधे जाग आली ती वेळ, गोळी कधी घेतली, जेवण, चहा, जड काम, आणि चक्कर, छातीत धडधड, डोके दुखणे असे काही झाले तर त्याची वेळ. दोन शब्द पुरेत : “१२.४०, डुकरं हाकलली.” डॉक्टर तो चढलेला आकडा बाजूला ठेवून वाचतील. बाबांना लिहिणे जमत नसेल, तर मोबाइलवर बोलून ठेवू द्या आणि सकाळी तुम्ही उतरवून घ्या.

मचाणावर चढताना नळी फांदीत किंवा खिळ्यात अडकते, तेव्हा ती शर्टाच्या आतून न्या. थंडीसाठी सैल बाहीचे स्वेटर चालेल, वरून घोंगडी चालेल. उघड्यावर कुडकुडल्याने बीपी चढतो, म्हणून पांघरूण नीट द्या. शेकोटीपाशी बसल्यास नळी जाळापासून दूर ठेवा.

एका रात्रीवरून ‘उतरतो’ किंवा ‘उतरत नाही’ हे कायमचे ठरत नाही. तोच माणूस दुसऱ्या खेपेला वेगळा निघू शकतो. हंगाम संपल्यावर डॉक्टरांनी पुन्हा यंत्र लावायला सांगितले, तर ते उगाच नसेल.

प्रश्न : मी वेचणीला जाते. यंत्र लावून कापूस वेचता येईल का? ब्लाउजच्या बाहीवरून पट्टा बसतो का? अंघोळीचे काय?
(एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : अंघोळ सकाळी करूनच जा. यंत्र निघेपर्यंत पुन्हा नाही. डबीत पाणी गेले तर ती बिघडते, आणि स्वतः पट्टा काढून परत लावला तर तो जागेवर बसत नाही. हातपाय, तोंड धुवायला हरकत नाही.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा असतो. घट्ट बाही वर गुंडाळली की तिचाच दंडाला फास बसतो आणि आकडा चुकतो. बिनबाहीचा किंवा सैल बाहीचा ब्लाउज घाला. वेचणीला तुम्ही साडीवरून घरच्या माणसाचा शर्ट घालत असालच. तो या दिवशी उत्तम. पट्टा आत, शर्ट वर, नळी खांद्यावरून मानेमागून दुसऱ्या बाजूला डबीपर्यंत. दंडाला ताईत, काळा दोरा किंवा वाकी असेल, तर घरूनच काढून जा. पट्ट्याखाली ती राहिली तर टोचते आणि दाब सारखा पडत नाही. मनगटातल्या बांगड्यांनी काही बिघडत नाही.

पट्टा कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर हवा, त्यावरची धमनीची खूण दंडाच्या आतल्या बाजूला, आणि पट्ट्याखाली एक-दोन बोटे जेमतेम सरकावीत इतकाच घट्ट. बांधण्याआधी टेपने दंडाचा घेर मोजायला सांगा. आतल्या फुग्याची लांबी घेराच्या सुमारे ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी लागते. नेहमीचा मोठ्यांचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो; नेमके आकडे पट्ट्यावर छापलेले असतात. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी खोटा जास्त येतो, बारीक दंडाला मोठा लावला तर खोटा कमी. आमच्या मते ही या तपासणीतली सर्वांत जास्त दुर्लक्षित चूक आहे. “एकच पट्टा आहे, हाच चालतो” असे उत्तर मिळाले आणि तुमचा घेर त्यात बसत नसेल, तर तिथे तपासणी करू नका.

हात कोणता? आधी दोन्ही दंडांवर मोजतात. वरच्या आकड्यात १० हून जास्त फरक असेल, तर ज्या हाताचा जास्त तो. नाहीतर कमी कामाचा, म्हणजे बहुतेकांचा डावा. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील किंवा डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केला असेल, तर तो हात वापरायचा नाही. विचारायची वाट न बघता हे आधीच सांगा.

आता वेचणी. कमरेला ओटी बांधली की डबी तिच्याखाली दबते, नळीला पीळ पडतो आणि हवा पुढे जात नाही. डबी कमरेला न लावता तिच्या बंदाने खांद्याला तिरपी अडकवून पाठीकडे घ्या. वेचायला दोन्ही हात लागतात, तेव्हा ‘डावा हात मोकळा’ हे सांगणे इथे कामाचे नाही. पट्टा फुगायला लागला की जिथे असाल तिथे थांबा, पट्ट्याचा हात शरीरालगत ढिला सोडा, मूठ वळू नका, बोलू नका. अर्ध्या-पाऊण मिनिटात हवा सुटते. शक्य असेल तर धुऱ्यावर बसून हात मांडीवर ठेवा. पट्टा हृदयाच्या उंचीपासून १० सेंटिमीटर खाली गेला तर आकडा साधारण ७-८ ने जास्त येतो, तेवढाच वर गेला तर तितकाच कमी. डोक्यावर गाठोडे किंवा पाण्याची गुंडी धरून हात वर असताना घेतलेला आकडा म्हणूनच निरुपयोगी. त्या क्षणी ओझे उतरवता येत नसेल, तर जाऊ द्या, ते मोजमाप फसू द्या. यंत्र एक-दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करते.

मजुरीवर जात असाल, तर सोबतच्या बायांना आणि ज्यांचे वावर आहे त्यांना सकाळीच सांगून ठेवा की मी दर वीस मिनिटांनी मिनिटभर थांबणार आहे. नाहीतर संकोचापोटी हात चालूच राहतो आणि दिवसभराचे आकडे वाया जातात.

प्रश्न : यंत्र लावलेल्या दिवशी तुरीवर फवारणी करायची आहे. चालेल का?
(एक वाचक, ता. कळंब, जि. यवतमाळ)

उत्तर : नाही. रोजची कामे करा म्हणून आम्ही वर इतके सांगितले, त्याला हा एक अपवाद. फवारणीनंतर साबणाने अंघोळ आणि कपडे बदलणे टाळता येत नाही. यंत्र असताना अंघोळ करता येत नाही. औषध पट्ट्याच्या कापडात मुरले, तर ते २४ तास कातडीला चिकटून राहील आणि तोच पट्टा पुढच्या रुग्णाला लागेल. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारणीतून किती जणांना विषबाधा झाली, किती जीव गेले, हे विसरता येण्यासारखे नाही. फवारणी दोन दिवस पुढे ढकला किंवा यंत्राची तारीख बदलून घ्या.

प्रश्न : ‘५८ पैकी ३१ नोंदी मिळाल्या, तपासणी पुन्हा करा’ असा शेरा आला. दोन खेपांचा खर्च झाला. चूक यंत्राची की माझी? त्या दिवशी मी मोटरसायकलने दोन गावे फिरलो होतो.
(एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा)

उत्तर : किमान ७० टक्के मोजमापे नीट मिळाली पाहिजेत, आणि त्यांत जागेपणीची निदान २० व झोपेतली निदान ७ हवीत, असा सर्वसाधारण नियम आहे. तुमची ५३ टक्केच आहेत. त्यामुळे शेरा योग्य आहे, पण दोष एकट्या तुमचा ठरवता येत नाही.

फसलेल्या नोंदींच्या वेळा अहवालात छापलेल्या असतात. त्या मागून घ्या आणि स्वतः बघा. सगळ्या प्रवासाच्या वेळच्या असतील, तर कारण मोटरसायकल : हँडल धरलेला ताठ हात आणि रस्त्याचे हादरे. ट्रॅक्टरवर हेच होते, एस.टी.तही. एस.टी.त निदान मांडीवर हात टाकून बसता येते. मोटरसायकलवर पट्टा फुगला, तर जमेल तिथे गाडी बाजूला घेऊन थांबा. चालत्या गाडीवर एक हात सोडू नका. एक मोजमाप गेले तर जाऊ द्या.

फसलेल्या नोंदी एका ठरावीक वेळेनंतर सलग असतील, तर तेव्हा पट्टा सैल होऊन कोपरावर उतरला असणार, किंवा नळी डबीपासून निसटली असणार. नळीचे टोक फिरवून बसवायचे असते. ते कसे, हे लावतानाच एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. शेवटच्या काही तासांत यंत्र गप्पच झाले असेल, तर सेल उतरले. प्रत्येक रुग्णाला नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल घालणे हे लावणाऱ्याचे काम आहे आणि तसे विचारण्यात काही गैर नाही.

आणि दिवसभर, झोपेतसुद्धा, अधूनमधून नोंदी फसत असतील, तर नाडी अनियमित आहे का हे डॉक्टरांना बघायला सांगा. ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर या पद्धतीच्या यंत्राला बीपी काढणे जड जाते. हे एका ईसीजीने कळते.

पुन्हा लावाल, तेव्हा दवाखान्यातून निघण्याआधी दोन मोजमापे तिथेच होऊ द्या. पहिले फसले, तर पट्टा तिथल्या तिथे नीट करता येतो.

प्रश्न : वडील दिवसाला चार-पाच खर्रे खातात. त्या दिवशी बंद ठेवायला सांगू का?
(एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : खर्रा सोडायचा तर कायमचा सोडावा, आणि तो सोडावाच. पण फक्त यंत्राच्या दिवशी बंद ठेवला, तर अहवाल त्यांच्या खऱ्या आयुष्याचा राहणार नाही. तंबाखूतल्या निकोटिनने नाडी आणि बीपी काही वेळ चढतात. तेच चार-पाच चढ रोज होतात आणि तेच डॉक्टरांना दिसायला हवेत. खाल्ल्याच्या वेळा तेवढ्या लिहा. मिठाचेही तसेच : ठेचा, लोणचे, पापड रोज असतील, तर त्या दिवशीही असू द्या. बीपीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर.

प्रश्न : आईला रात्री पट्टा फार आवळला, हात निळसर पडला, म्हणून आम्ही तो काढला. सकाळी दंडावर बारीक लाल ठिपके दिसले. हे धोक्याचे आहे का?
(एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : पट्टा आवळलेला असतानाच हात निळसर दिसून हवा सुटताच रंग परतला असेल, तर काळजी नाही. ठिपकेही बहुतेकांचे काही दिवसांत जातात. वृद्धांची पातळ कातडी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांनी ते जास्त उठतात. त्या गोळ्या चालू असतील, तर यंत्र लावण्याआधीच सांगायला हवे. मोठा काळानिळा डाग, वाढती सूज किंवा तसाच राहिलेला बधिरपणा असेल, तर आजच दाखवा.

बीपी जास्त असेल तितका पट्टा जास्त फुगतो. पहिल्यांदा काही वेळा फार आवळतो, मग मागच्या आकड्याच्या थोडा वर जाऊन थांबतो. हात हलल्यावर तो पुन्हा आणि आणखी जोराने फुगतो, म्हणजे हिसका दिला की त्रास वाढतोच. अगदीच सहन झाले नाही, तर थांबवायचे बटण दाबा, हवा लगेच सुटते. ते बटण आईला आणि रात्री शेजारी झोपणाऱ्याला, दोघांनाही दाखवून ठेवा. झोपताना उताणे झोपणे चांगले, पट्ट्याचा हात अंगाशेजारी सरळ. त्या कुशीवर झोपले तर पट्टा दबतो. दुसऱ्या कुशीवर झोपले तर हात हृदयाच्या वर येऊन आकडा कमी दिसतो.

यंत्र अंगावर असताना छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे होणे, एक हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे यातले काही झाले, तर २४ तास पुरे व्हायची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा. पट्टा तिथे गेल्यावर निघेल.

प्रश्न : आमच्याकडून ही तपासणी होते ते गाव फार दूर. लावायला एक आणि परत द्यायला एक, अशा दोन खेपा होतात. दुसरा मार्ग आहे का?
(एक वाचक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली)

उत्तर : आहे, आणि तो कमी दर्जाचा समजू नका. झोपेतला बीपी सोडला, तर घरी नीट मोजलेल्या आकड्यांवरून डॉक्टरांना बरेच ठरवता येते.

दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र घ्या, मनगटाचे नको. दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा. ७ दिवस, सकाळी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळचे मोजमाप लघवी करून, पण गोळी, चहा आणि खर्रा यांच्या आधी. मोजण्याआधी ५ मिनिटे शांत बसा. खुर्ची नसेल, तर ओसरीच्या कडेला बसा : पाठ भिंतीला किंवा खांबाला टेकलेली, दोन्ही पाय जमिनीला लागलेले, पायावर पाय नाही, आणि हात शेजारी डबा किंवा उशा रचून छातीच्या उंचीवर टेकवलेला. खाली मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून मोजू नका; पट्टा हृदयाच्या खाली जातो.

पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून द्या. उरलेल्या ६ दिवसांचे २४ आकडे होतात. वरच्यांची वेगळी आणि खालच्यांची वेगळी बेरीज करून २४ ने भागा. सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, तर बीपी वाढलेला आहे असे धरून डॉक्टरांकडे जा. आवडलेले आकडे ठेवून नको असलेले गाळायचे नाहीत. यंत्रात आकडे साठत असतील, तर यंत्रच सोबत न्या. घरात यंत्र घेणे परवडत नसेल, तर उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना किंवा नर्सताईंना विचारून आठवड्यात निदान तीन दिवस, दोन वेळा मोजून घ्या आणि तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

झोपेतला बीपी बघणे गरजेचेच आहे असे डॉक्टर म्हणाले, तर मात्र ती खेप करावी लागेल. निघण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा : तुमच्या दंडाच्या मापाचा पट्टा आहे का, त्या दिवशी यंत्र मोकळे आहे का, आणि दुसऱ्या दिवशी ते घरातल्या दुसऱ्या कोणी आणून दिले तर चालेल का. चालत असेल, तर २४ तासांनी यंत्र बंद करून पट्टा सोडवा, सेल न काढता डबी, नळी, पट्टा आणि वही एका पिशवीत घालून सकाळच्या एस.टी.ने जाणाऱ्या घरच्या माणसाकडे द्या.